साडेबारा हजार किलोमीटर, पण तास किती?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मोठी प्रवासी विमानं उंचावर ताशी साधारण ९०० किलोमीटर वेगानं जातात. भागाकार केला तर उत्तर येतं चौदा तासांना थोडं कमी. प्रत्यक्षात मात्र जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना साडेचौदा-पंधरा. न्यू जर्सीत मुलगा-सून किंवा लेक-जावई असलेल्या मराठी घरांत हा फरक सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. कारण विचारलं तर मात्र हमखास उत्तर येतं, “पृथ्वी फिरते ना, म्हणून!” हे उत्तर ज्या अर्थानं दिलं जातं त्या अर्थानं चुकीचं आहे. त्याच्याकडे वळण्याआधी अंतराचा हिशेब नीट लावायला हवा, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क या दोन ठिपक्यांना पट्टी लावून रेघ ओढा. रेघ अरबस्तानातून इजिप्तवर येईल, अल्जेरिया ओलांडेल आणि अटलांटिकच्या मधोमध शिरेल. दिसायला ती सरळ असते, पण तिची लांबी भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. म्हणजे दीड हजार किलोमीटरहून जास्त फेरा. दोष रेघेचा नाही, कागदाचा आहे. असे नकाशे ज्याच्या पद्धतीनं काढतात त्या गेरार्डस मर्केटरनं १५६९ मध्ये आपला नकाशा काढला तो जहाजांच्या खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाता यावं, ही त्यांची गरज. त्यासाठी त्यानं ध्रुवांकडचे प्रदेश ताणून रुंद केले. म्हणून त्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं दिसतं. वास्तवात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

खरा छोटा रस्ता बघायचा असेल तर पृथ्वीचा गोल घ्यावा, मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरावं आणि दुसरं न्यूयॉर्कवर घट्ट ताणावं. दोरा सरळ पश्चिमेला जात नाही, तो उत्तरेकडे चढतो. भूगोलात या मार्गाला बृहद्‌वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलानं पृष्ठभागावर उमटवलेलं वर्तुळ. मुंबईहून निघणारं हे बृहद्‌वृत्त सुरुवातीला उत्तर दिशेपासून जेमतेम सत्तावीस अंश पश्चिमेला झुकलेलं असतं. आणि ते कुठून जातं हे एकदा शांतपणे बघण्यासारखं आहे. सौराष्ट्र-कच्छ ओलांडून ते सिंधमध्ये शिरतं आणि मोहेंजोदडोच्या जवळजवळ माथ्यावरून जातं. पुढे कंदाहारचा परिसर. मग कॅस्पियन आणि अरल या दोन समुद्रांच्या मधला ओसाड पट्टा. सारातोवपाशी व्होल्गा नदी. मॉस्को. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या किंचित वर. नॉर्वेत ट्रॉन्डहाइम. समुद्र ओलांडून आइसलँडची राजधानी रेक्याविक, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला अगदी घासून कॅनडाचं लॅब्राडोर, अमेरिकेचं मेन राज्य आणि शेवटी न्यूयॉर्क. एकोणीस अंश अक्षांशावरून निघून चाळीस अंशांवर पोचायचं, पण वाटेत पासष्ट अंशांच्या जवळ जाऊन यायचं, असा हा प्रकार. सिंधू संस्कृतीच्या अवशेषांवरून निघून हिमनद्यांच्या देशावरून जाणारा हा रस्ता दोन महानगरांमधला सर्वांत जवळचा आहे, हे नकाशाकडे बघून पटत नाही. दोरा ताणला की पटतं.

पण या दोऱ्यावरून विमान सहसा जात नाही. त्याची दोन कारणं आहेत. एक वारा, दुसरं माणसांनी आखलेल्या सीमा.

आधी वारा. विमानाला जमीन ठाऊक नसते. त्याचा वेग मोजला जातो तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. नदीच्या प्रवाहात नावाडी जसा एकाच जोरानं वल्हवतो, पण काठावरून बघणाऱ्याला प्रवाहाच्या दिशेनं जाणारी नाव वेगात आणि विरुद्ध जाणारी रेंगाळताना दिसते, तसंच हे. हवेतला वेग ९०० असताना समोरून ताशी शंभर किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग उरतो ८००. तोच वारा पाठीशी असेल तर १,०००.

आणि असे वारे उत्तर गोलार्धात जेट विमानांच्या उंचीवर जवळजवळ कायम असतात. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे अरुंद, वेगवान पट्टे म्हणजे जेट प्रवाह. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणं नेहमीचं, आणि ऐन हिवाळ्यात तो कधी कधी चारशेच्या घरात जातो. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितका हा प्रवाह जोरकस. हिवाळ्यात हा फरक वाढतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेला जाणारा प्रवास जास्त रेंगाळतो आणि परतीचा लवकर उरकतो. थंडीच्या दिवसांत यातला एक पट्टा हिमालयाच्या दक्षिणेला, थेट उत्तर भारतावरून वाहत असतो. पंजाब-काश्मीरकडे हिवाळी पाऊस आणि बर्फ आणणारे पश्चिमी विक्षोभ याच्याच साथीनं येतात. म्हणजे मुंबईहून उत्तरेकडे निघालेल्या विमानाची भारताची सीमा ओलांडण्याआधीच या वाऱ्याशी गाठ पडू शकते, आणि अटलांटिकवर दुसरा पट्टा वाट बघत असतोच.

हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते जपानच्या वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञानं. १९२० च्या दशकात टोकियोजवळच्या तातेनो वेधशाळेतून तो फुगे सोडायचा आणि दुर्बिणीतून त्यांचा माग काढायचा. हिवाळ्यात फुगे वर गेले की भन्नाट वेगानं पूर्वेकडे पळतात, हे त्यानं नोंदवलं. मग परदेशातल्या शास्त्रज्ञांना कळावं म्हणून त्यानं हा अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो भाषेत छापला. जगाची भाषा व्हावी म्हणून तयार केलेल्या या भाषेत तो कुणी फारसा वाचला नाही. पुढे १९४४ च्या अखेरीस जपानवर खूप उंचावरून बॉम्बफेक करायला आलेली अमेरिकन बी-२९ विमानं या वाऱ्यात सापडून नेम चुकवू लागली, तेव्हा अमेरिकेला त्याचा जोर समजला. जपानला तो आधीच माहीत होता. त्याच वाऱ्यावर त्यांनी पॅसिफिकपार अमेरिकेकडे बॉम्ब बांधलेले फुगे सोडले होते.

या वाऱ्याच्या मदतीनं काय होतं याचं अलीकडचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. उत्तर अटलांटिकवर ‘कियारा’ नावाचं वादळ होतं आणि ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरीही विमानानं ध्वनीची भिंत ओलांडली नव्हती, कारण हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगानं चाललं होतं.

आता ते पृथ्वी फिरण्याचं. शाळकरी मुलांचा आवडता प्रश्न असतो: विमान नुसतं वर जाऊन थांबलं, तर खालून पृथ्वी फिरत फिरत न्यूयॉर्क आपोआप येणार नाही का? येणार नाही. विमान धावपट्टीवर उभं असतं तेव्हाच ते पृथ्वीबरोबर फिरत असतं, आणि वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं. तसं नसतं तर मुंबईत उभ्या माणसाला ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा कायम झोंबला असता. पृथ्वीचं फिरणं प्रवासाच्या वेळेत शिरतं ते आडवाटेनं. विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे निघालेली हवा या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते आणि त्यातून पश्चिमी वारे तयार होतात. त्यामुळे “पृथ्वी फिरते म्हणून” असं म्हणणाऱ्या आजोबांना मी पूर्ण नापास करणार नाही. निम्मे गुण देईन.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाताना वाऱ्यानं जो वेळ खाल्ला, तो येताना तितकाच परत मिळतो असं वाटतं. मिळत नाही. १२,५३० किलोमीटरवर वाटभर शंभरचा वारा धरून बघा. ८०० च्या वेगानं जायला पंधरा तास चाळीस मिनिटं, १,००० च्या वेगानं यायला बारा तास बत्तीस मिनिटं. बेरीज अठ्ठावीस तास बारा मिनिटं. वाराच नसता तर जाऊन येऊन सत्तावीस तास एक्कावन्न मिनिटांत झालं असतं. कारण सोपं आहे: उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि सुलट्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो. वारा कुठल्याही दिशेचा असो, दोन्ही फेऱ्या मिळून तो कंपनीचं इंधन खातोच.

म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी मार्ग नव्यानं ठरतो. विमान कंपनीचे डिस्पॅचर लंडन आणि वॉशिंग्टन या नावांच्या जागतिक अंदाज केंद्रांकडून आलेले उंचावरच्या वाऱ्यांचे अंदाज घेतात आणि कमी इंधनात पोचवणारी वाट शोधतात. उत्तर अटलांटिकवर तर आकाशातले समांतर रस्तेच रोज नव्यानं आखले जातात, पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी वेगळे आणि पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी वेगळे. त्यामुळे आज आइसलँडजवळून गेलेलं विमान उद्या आयर्लंडवरून गेलं, तर वैमानिकाचं डोकं ठिकाणावर आहे असंच समजावं.

वाऱ्यासाठी किती लांबचा वळसा परवडतो? याचं सर्वांत मजेदार उदाहरण आपल्याच देशातलं आहे. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे थेट अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाची ही सेवा आधी युरोप-अटलांटिककडून जायची आणि प्रत्यक्षात सुमारे १३,९०० किलोमीटर कापायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं विमान उलट्या बाजूनं, म्हणजे पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायचं ठरवलं. कापायचं अंतर झालं १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ लागला साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. पाठीशी वारा असल्यामुळे सरासरी वेग ताशी १,०५० किलोमीटरवर गेला. दोन विमानतळांमधलं अंतर विचारणाऱ्याला इथे तीन वेगवेगळी उत्तरं देता येतात आणि तिन्ही बरोबर असतात. परतीचं विमानही पॅसिफिकवरून न आणता अटलांटिकवरून आणलं की तेही पूर्वेकडेच येतं. म्हणजे प्रवासी दिल्लीला परत येतो तेव्हा त्याची पृथ्वीप्रदक्षिणा झालेली असते.

मुंबई-न्यूयॉर्कला ही चलाखी लागू पडत नाही. न्यूयॉर्क अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असल्यामुळे पॅसिफिककडून जायचं तर वळसा फारच मोठा होतो.

वारा निदान ऋतूप्रमाणे वागतो. सीमांचं तसं नाही. वर सांगितलेला दोरा पुन्हा आठवा: सिंध, कंदाहार, मॉस्को. त्यातलं एकही आकाश आज निर्धोक धरता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपली हवाई हद्द बंद केली ती १६ जुलैपर्यंत. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेला उतरून अरबी समुद्रावरून वळावं लागलं. काहींना मध्येच इंधनासाठी थांबावं लागलं. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं नुकसान ४९१ कोटी रुपये झाल्याचं सरकारनं राज्यसभेत सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये ही हद्द भारतीय विमानांना पुन्हा बंद झाली आणि तोच खेळ नव्यानं सुरू झाला. या बाबतीत मुंबईचं नशीब दिल्लीपेक्षा बरं. मुंबईच्या दारातच अरबी समुद्र आहे. विमान ओमानकडे वळून पुढे निघू शकतं. जास्तीचे किलोमीटर पडतात, पण दिल्लीइतके नाहीत.

रशियाचं आकाश त्याहून मोठं दुखणं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ मध्ये रशियानं युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. हेलसिंकी-टोकियो हा फिनएअरचा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांवर गेला. युनायटेड एअरलाइन्सनं आपली मुंबई-न्यूअर्क सेवा मार्च २०२२ मध्ये थांबवली. एअर इंडियाला ती मनाई नव्हती, त्यामुळे भारत-अमेरिका मार्गावर तिला एक अनपेक्षित फायदा मिळाला. त्याचीही किंमत असते म्हणा. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या तिच्या बोइंग ७७७ च्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगादान इथे उतरलं. २१६ प्रवाशांना पुढे न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. दोन इंजिनांच्या विमानांना एका इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी ठेवावा लागतो. मगादान हा अशा यादीतला विमानतळ. महासागरांवरच्या वाटा थोड्या वाकड्या दिसतात त्यामागे हा नियमही असतो.

वेगाबद्दल एक गैरसमज आहे. विमानं दिवसेंदिवस वेगवान होत गेली आणि म्हणून प्रवास छोटा झाला, असं सर्रास समजलं जातं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला निघालं तेव्हा पोचायला सुमारे चोवीस तास लागले. ते पंख्याचं विमान होतं. आज तोच प्रवास नऊ-दहा तासांचा आहे. इथपर्यंत समज बरोबर. पण १४ मे १९६० ला कंपनीनं न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती बोइंग ७०७ जेट विमानानं, आणि ते विमान जवळपास आजच्या विमानांइतक्याच वेगानं उडत होतं. साठ वर्षांत मधल्या काळातलं कॉन्कर्ड सोडलं, तर प्रवासी विमानांचा वेग वाढलेलाच नाही. वाचला तो थांब्यांचा वेळ. १ ऑगस्ट २००७ ला मुंबईहून न्यूयॉर्कला पहिली विनाथांबा सेवा सुरू झाली, तेव्हा वेगाचा विक्रम झाला नव्हता. टाकी मोठी झाली होती आणि इंजिनं काटकसरी.

टाकीचा आकडा ऐकण्यासारखा आहे. बोइंग ७७७-३००ईआरमध्ये सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. लांबच्या प्रवासात यातलं बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. त्यामुळे मध्ये थांबून भरणं कधी कधी इंधनात स्वस्त पडतं, पण उतरणं-चढणं, विमानतळाचं भाडं आणि प्रवाशांचा वैताग धरला की विनाथांबा सेवेचं पारडं जड होतं. सिंगापूर-न्यूयॉर्क हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा, साधारण एकोणीस तासांचा प्रवास करणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या एअरबसमध्ये फक्त १६१ जागा आहेत आणि साध्या इकॉनॉमीची एकही नाही. स्वस्त तिकिटांत हा पल्ला कंपनीला परवडत नाही. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर धरला तर कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर २०,००० च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे लांब पल्ल्याच्या या स्पर्धेला शेवट आहे.

राहता राहिलं तिकीट. तिकिटावरची वेळ स्थानिक असते, त्यामुळे वजाबाकी करायला बसलं की डोकं गरगरतं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात तिथली घड्याळं तासभर पुढे सरकवतात म्हणून साडेनऊ तास. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री दीडला विमान सुटलं आणि सोळा तास लागले, तर न्यूयॉर्कला त्याच तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतात. कागदावर साडेपाच तासांचा प्रवास! परतीला सकाळी साडेअकराला निघून साडेचौदा तासांत आलात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचे साडेबारा झालेले असतात. कागदावर पंचवीस तास.

आणखी एक. तिकिटावर छापलेला कालावधी हा हवेतला वेळ नसतो. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून ते पोचल्यावर गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. मुंबईत धावपट्टीसाठी लागलेली रांग, न्यूयॉर्कवर घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं. शिवाय कंपन्या त्यात थोडी उशिराची तरतूदही करून ठेवतात. वारा अनुकूल निघाला की मग “आपण नियोजित वेळेआधी पोचत आहोत” अशी खुशीची घोषणा ऐकू येते. इतर वेळी हीच तरतूद उशीर झाकते.

म्हणून अमेरिकेहून परतताना मुंबईवरून नागपूर, कोल्हापूर किंवा गोव्याचं पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घेतलं असेल, तर संकेतस्थळावर दिसणाऱ्या अंतरावर आणि सरासरी वेळेवर विसंबू नका. मध्ये निदान चार-पाच तास मोकळे ठेवा, कुठली हवाई हद्द बंद आहे ते निघण्याच्या आठवड्यात एकदा बघा, आणि घ्यायला येणाऱ्यांना तिकिटाचा फोटो पाठवण्याऐवजी विमानाचा क्रमांक कळवा.